नापासबाईंचे टायर

गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने थांबली. माझ्या मांडीवरची वाचनालयाची तीन पुस्तकं पायाशी पडली, चष्मा एका कानावर लोंबायला लागला, आणि माझी भावजय स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाली, "टायर."

"वन्सं, लागलं का" नाही, "अगं बाई" नाही. टायर. त्यावर मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि ती ऐकतही नव्हती. खाली उतरून ती चाकाशी वाकली होती.

पाण्याच्या टाकीखालचं ते वळण. तिथली नळाची लाइन कित्येक वर्षं गळते, त्यामुळे सगळं गाव कोरडं असलं तरी तेवढा तुकडा ओला. मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते. गाडीचं ढुंगण दुभाजकाला घासलं, मागच्या प्लॅस्टिकला वीतभर चीर गेली, एवढंच. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. एक सायकलवाला एक पाय टेकवून आमच्याकडे पाहत उभा राहिला, आणखी काही होत नाही असं दिसल्यावर निघून गेला.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, मागाहून कुणी म्हणायला नको. वळणाच्या आधी माझी नजर वेगाच्या काट्यावर गेली होती. पंचावन्नच्या जरा पुढेच होता.

संध्याकाळी माझा भाचा, म्हणजे तिचा मुलगा, आला. तो दातांचा डॉक्टर आहे. दाढ उपटायच्या आधी "जराही दुखणार नाही हं" म्हणतात ना, तो आवाज त्याला आता घरीही लागला आहे. त्या आवाजात त्याने विचारलं, आई, वेग किती होता? ती म्हणाली, चाळीस असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी पुस्तकं सावरत होते. खोटं बोलले. बायकांनी एकमेकींना सांभाळून घ्यावं असलं काही माझ्या मनात नव्हतं. तिच्या गाडीशिवाय मला वाचनालयात कोण नेणार, एवढाच विचार होता.

मग त्याने खिशातून नाणं काढून टायरच्या खाचेत घातलं. नाणं चांगलं आत गेलं. चारही चाकांना तेच. नक्षी अगदी ठसठशीत. हात पुसत तो म्हणाला, "आई, टायर नव्यासारखे आहेत. मग राहिलं कोण?"

राहिली ती. वय अडुसष्ट. त्याने दोन्ही किल्ल्या उचलल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या आणि गाडी विकायची असं ठरवून टाकलं. कुठे जायचं असेल तर फोन कर, मी येईन, म्हणाला. दवाखान्यात खुर्चीवर पेशंट तोंड उघडून बसलेला असताना हा कुठून येणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तशी ती जाते तरी कुठे, असंही त्याने विचारलं. खरं उत्तर असं की ती कुठेच जात नाही. सकाळी लोक पाय मोकळे करायला जातात, तशी ही गाडी काढते, बाहेरच्या रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर फिरून येते आणि मग चहा पिते. तिचं दिवसातलं एवढंच सुख, आणि ते आता मुलाच्या खिशात होतं.

ती रडली नाही, भांडलीही नाही. "टायर आहेत," एवढंच तिने पुन्हा सांगितलं. त्याला ते म्हातारपणाचं घोकणं वाटलं. मला नाही वाटलं, कारण रबराच्या बाबतीत ही बाई काय आहे ते मी चाळीस वर्षं पाहत आले आहे.

लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा रबराच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत लागून तिला दोन वर्षं झाली होती. वायसर, नळ्या, चटया, हातमोजे, असला माल तिथे व्हायचा. तिच्या टेबलावर खिशातल्या घड्याळाएवढं एक यंत्र असे. खाली बोथट सुई, वर काटा, शून्य ते शंभर. रबरावर दाबलं की किती कडक ते कळतं. खोडरबर चाळीसच्या आसपास, बुटाची टाच सत्तर. ती दाबायची, आकडा लिहायची, आणि बसला नाही की शिक्का मारायची: नापास. कामगार तिला नापासबाई म्हणायला लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी तीच फोन उचलून "बोला, नापासबाई" म्हणायला लागली.

एकदा गॅसच्या शेगडीच्या नळीला बसणाऱ्या नऊ हजार रिंगा तिने नापास केल्या. दोन अंकांचा फरक होता. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं, चहा मागवला, दोन अंकांनी काय होतं म्हणाले. ही म्हणाली, काय होतं ते ज्याच्या घरी होईल त्याला विचारा. माल थांबला आणि हिची बदली झाली हातमोज्यांच्या खोलीत. चौदा महिने तिने डावा-उजवा जोड्या लावल्या. माझा भाऊ म्हणत होता, सही करून टाकायची होतीस. मीही म्हटलं होतं. मी तेव्हा स्वतःला फार व्यवहारी समजत असे. पुढे नवे साहेब आले, त्यांना तपासणीला माणूस मिळेना, म्हणून तिला परत आणलं. कुणी माफी मागितली नाही, कुणी पाठ थोपटली नाही. ती आपली जुन्या खुर्चीवर बसली आणि पहिल्याच दिवशी तिने दोन खोकी चटया नापास केल्या.

माझा भाऊ गाडी शिकलाच नाही. ती चालवायची आणि तो शेजारी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. त्यांची गाडी होती फ्रिजसारखी: पांढरी, चौकोनी, उपयोगी. तो गेल्यावर तीन वर्षांनी हिने ती विकली आणि आत्ताची गाडी घेऊन आली. लाल, बसकी, रुंद चाकांची, मागे दोन नळकांडी आणि आवाज थेट घशातून. आत बसताना गुडघे कपाळाला लागतात आणि उतरताना कुणीतरी ओढावं लागतं. मी विचारलं, ही काय पोरांची गाडी? म्हणाली, पोरगाच विकत होता. परदेशी नोकरीला निघालेला एक मुलगा, त्याने ती कापडाखाली झाकून, पुसून-पुसून जपली होती. हिने अर्धा तास इंजिनाला कान लावला, ब्रेक पाहिले, खालून वाकून पाहिलं आणि घेतली. चारपाच वर्षं जुनी असेल असं त्याने सांगितलं. कागद पाहिले तर सहा निघाली, पण तोवर हिचं मन बसलं होतं. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

तर गाडी घसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती माझ्या दारात उभी, हातात तेच यंत्र. कारखान्यातलं नव्हे; निवृत्त होताना तिने ते मागितलं होतं, त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, म्हणून तिने तसलंच एक विकत घेतलं होतं. सातलाच का, तर ऊन लागलेलं रबर मऊ दाखवतं. सावलीत, थंड असतानाच मोजायचं. मला गाडीपाशी नेऊन तिने वही धरायला लावली आणि बोलू नका म्हणून सांगितलं.

चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी.

"नवा किती असतो?" मी न राहवून विचारलं.

"साठ. पासष्ट फार झाले."

मग ती जमिनीवर गुडघे टेकून टायरच्या बाजूवर बोटाने काहीतरी चाचपडायला लागली. तिथे चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्माला आला ते त्यावरून कळतं. तिने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि तिथेच फरशीवर बसली. टायर नऊ वर्षांचे होते. गाडी सहा वर्षं कापडाखाली उभी होती आणि पुढे कडक झालेलं रबर फारसं झिजेना, म्हणून नक्षी शाबूत. पोरगा दर रविवारी चकचकीत काळं पाणी लावायचा, म्हणून दिसायला कोवळे. आतून पार दगड. दरवर्षी थोडंथोडं कडक होत जाणारं रबर, कोरड्या रस्त्यावर ते कसं कळणार? ओल्यावर कळलं.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रबरावर तारखा छापल्या वन्सं," ती म्हणाली, "आणि घरच्या टायरची तारीख वाचली नाही." भाऊ गेला तेव्हा मी तिला रडताना पाहिलं आहे. त्या दिवशी ती रडली नाही. पायातली चप्पल काढून तिने पुढच्या टायरला दोन हाणल्या. टायरला काही झालं नाही, चप्पल मात्र तुटली.

आकडे घेऊन तिने मुलाला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तुझं यंत्र रबर किती कडक ते सांगतं. हात कुणाचे होते ते सांगत नाही." तिने फोन ठेवून दिला. ह्यात माझी पंचाईत अशी, की त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तोडगा काढला तिच्या सुनेने. ती शाळेत गणित शिकवते, घोळ तिला खपत नाही. ती म्हणाली, नवे टायर टाका. त्याच वळणावर, ओल्या रस्त्यावर आई गाडी चालवतील, हा शेजारी बसेल. हा घाबरला तर किल्ल्या ह्याच्या आणि गाडी विकायची. नाही घाबरला तर किल्ल्या आईंच्या आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. दोघांनी मान डोलावली. भाच्याने जरा लवकरच डोलावली, असं मला वाटलं. आपण घाबरणार ह्याची त्याला खात्री असावी.

टायरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. गाडी भाच्याने चालवत नेली, कारण किल्ली त्याच्याकडे. दुकान म्हणजे एक लांबट शेड, भिंतीला लागून टायरांचे मनोरे, मध्ये हवेचा पंप धापा टाकत असलेला. दुकानदार गोल आणि हसरा, स्वतःच चाकं काढणारा, स्वतःच बसवणारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वा म्हणाला, आणि भाच्याला विचारलं, साहेब, वेगात चालवता का?

भाच्याने आईकडे बोट केलं.

दुकानदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. मग आजींसाठी हे बघा, असं म्हणत त्याने एक टायर पुढे आणला. आवाज नाही, पेट्रोल कमी खातो, झिजतच नाही. "एकदा टाका आजी, आयुष्यभर पुरतील."

"कुणाच्या?" तिने विचारलं.

तो हसला, मग आपण नक्की काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो खोकला. तिने पिशवीतून यंत्र काढून टायरवर दाबलं. बहात्तर. झिजत नाही म्हणजे धरत नाही, ती म्हणाली, रबर एक तर झिजेल नाही तर घसरेल, दोन्हीकडून पुण्य मिळत नाही. आता दुकानदाराला रंग चढला. त्याने रुंद टायर आणला, एक माप मोठा, गाडी काय ऐटदार दिसेल म्हणाला. तिने चाकाच्या वरच्या कमानीत बोटं घालून दाखवली: दोन बोटं जागा. वळताना घासेल. तो म्हणाला, सगळी पोरं हाच टाकतात. ती म्हणाली, पोरांना सांग घासतो म्हणून. मग त्याने एक स्वस्तातला आणला, त्याच्या खाचा इतक्या उथळ होत्या की तिने यंत्र काढलंच नाही, नुसतं पाहून पुढे ढकलला.

शेवटी त्याने मागच्या मनोऱ्यातून एक काढला. खाचा रुंद, पाणी बाजूला फेकणाऱ्या, रबर बोटाला चिकटल्यासारखं. बासष्ट. ओल्या रस्त्यावर ह्याच्यासारखा नाही, तो म्हणाला, पण आजी, खरं सांगतो, वीस-पंचवीस हजार किलोमीटरमध्ये संपेल.

"संपवीन," ती म्हणाली.

इथे भाचा मध्ये पडला. आधीचा, टिकणारा घ्यावा असं त्याचं म्हणणं. पैशाचा प्रश्न नाही, असं तो सांगत राहिला. प्रश्न असा की हा टायर शर्यतीच्या वेड्यांचा आहे. आणि मग दुकानदाराच्या समोर, हलक्या आवाजात तो बोलून गेला, "आई, एवढी पकड तुला हवी कशाला? वेगात जायचं असल्याशिवाय?"

तिने हातातलं यंत्र पिशवीत टाकलं. मी मनोऱ्यावरचे टायर मोजायला लागले. बावीस होते. काही वेळाने ती म्हणाली, "बासष्टवाला बसवा," आणि तिच्या आवाजात आधीचा जोर नव्हता. भाच्याला काही कळलं नाही. मला कळलं.

पण नापासबाई ती नापासबाईच. दुकानदाराने चार टायर ओळीने मांडल्यावर तिने चारही आकडे वाचले. तीन एकाच आठवड्यातले, चौथा दोन वर्षांनी जुना. दुकानदार म्हणाला, एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा, काय फरक पडतो. तिने त्यावर यंत्र ठेवलं: अडुसष्ट. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तुम्ही पळाल का, तिने विचारलं, आणि खडूने त्या टायरवर भलीमोठी फुली मारली. दुकानदाराने गोदामाला फोन केला. दोन दिवसांनी जोडीचा आला, मग बसले.

भाचा लगेच वळणावर निघाला. ती म्हणाली, आत्ता नाही. नवा टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून त्याला तेलकट काहीतरी लावतात; तो थर उडाल्याशिवाय रबर रस्त्याला लागत नाही. दोनशे किलोमीटर आधी चालवायची. मग चालव, भाचा म्हणाला. किल्ली कुठे आहे, तिने विचारलं. किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे दोनशे किलोमीटर त्यालाच चालवायची. तो आठवडाभर तिची गाडी घेऊन दवाखान्यात गेला. सुनेने मला फोनवर सांगितलं, दवाखाना तीन किलोमीटरवर आहे आणि हा रोज पाऊण तास लागतो म्हणतो. सिग्नल असतात म्हणे. तीन किलोमीटरवर किती सिग्नल असणार, गणिताच्या बाईला कोण सांगणार.

रविवारी दोनशे भरले. आणि शनिवारी टाकीखालची नळाची लाइन दुरुस्त झाली. इतकी वर्षं अर्ज गेले, तक्रारी गेल्या, माणसं निवृत्त झाली, आणि ती दुरुस्त झाली ती नेमकी शनिवारी. आम्ही वळणाच्या वरच्या अंगाला थांबलो तर खालचा रस्ता पापडासारखा कोरडा. भाचा बहुधा आठवड्यात गाडीच्या प्रेमात पडला होता, कारण तो म्हणाला, जाऊ दे आई, कोरड्यावरच घे, मी काही म्हणत नाही.

दुसरी कुणी असती तर पटकन घेतली असती. मी असते तर घेतलीच असती, आणि घरी जाऊन चहा टाकला असता. ती खाली उतरली. "कोरड्यावर कुणीही पास होतं," म्हणाली.

दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर खालच्या चौकात उभा होता. ती तरातरा चालत गेली. टँकरवाल्याला तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो आधी डोकं खाजवत होता आणि मग हसत होता. रविवारची सकाळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याने वळणभर पाणी सोडलं आणि वाहनं येऊ नयेत म्हणून टँकर खालच्या तोंडाशी आडवा लावून उभा राहिला. मला वरच्या तोंडाला उभं राहायचं होतं, येणाऱ्याला थांबवायला. माझ्या हातात सुनेने दिलेला लाल टॉवेल होता. निवृत्तीनंतर मला कुणी काही काम सांगितलेलं आठवत नाही, त्यामुळे मी ते मनापासून करत होते.

ती स्टिअरिंगवर बसली. भाच्याने पट्टा बांधला, किल्ली तिच्या हातात दिली. काचा खाली होत्या, मी दोन हातांवर उभी, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"चाळीसने घे," तो म्हणाला. "त्या दिवशी होता तेवढाच."

तिने गाडी सुरू केली. मग बंद केली. हात मांडीवर ठेवून ती समोर पाहत राहिली. मला वाटलं, हिला आता काय झालं?

"चाळीस नव्हता," ती म्हणाली. "पंचावन्न होता."

भाच्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आत्या?"

"जरा वरच," मी म्हणाले. टॉवेल पाठीमागे लपवावासा वाटला.

मग त्याचा तो दवाखान्यातला आवाज गेला आणि माझ्या भावाचा आवाज आला. खोटं का बोललीस, त्याने विचारलं. ती म्हणाली, किल्ल्या जातील म्हणून. आणि आता का सांगतेस? चाळीसने गेली असतीस तर निघाली असती गाडी, मी किल्ल्या दिल्या असत्या. ती म्हणाली, तेच. पंचावन्नला नापास झालेला माल चाळीसला तपासून पास करायचा, ह्यालाच नाही म्हणाले म्हणून मी चौदा महिने हातमोजे मोजले.

"म्हणजे चूक तुझीच होती."

"होती. वेगाची चूक माझी, तारीख न वाचण्याची चूक माझी. दोन्ही लिहून घे." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "पण तू म्हातारपण लिहिलंस. ते खोडून टाक. मी तिशीतही इथून पंचावन्नने जायची, तुझे बाबा पाट्या वाचायचं थांबवायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. मी बेफाम असेन. म्हातारी म्हणून घसरले नाही."

असं कुणाचं आई-मुलाचं भांडण मी ऐकलेलं नाही, जिथे आई भांडून-भांडून आपल्याच अंगावर गुन्हा घेते आहे आणि मुलाला तो द्यावासा वाटत नाही. त्याचा हात पट्ट्याच्या खटक्यावर गेला. पट्टा सोडेल आणि उतरेल असं मला वाटलं. त्याने पट्टा घट्ट केला.

"घे मग पंचावन्नने," तो म्हणाला.

मी वर-खाली पाहिलं. खाली टँकर आडवा होता, पण वळण संपल्यावर बराच पुढे. वर कुणी नाही. मी टॉवेल हलवला, उगाचच. तशी कुणाला गरज नव्हती.

गाडी मागे जाऊन आली. आवाज घशातून पोटात गेला आणि ती माझ्यासमोरून गेली तेव्हा माझी ओढणी उडाली. वळणाच्या तोंडाशी तिने एकदाच, आधीच, ब्रेक दाबला, मग सोडला. पाण्याचे दोन पंखे बाजूला उडाले. मागचं अंग एवढंसं, बोटभर, बाहेर गेल्यासारखं वाटलं, की मीच डोळे मिटले म्हणून तसं वाटलं, सांगता येत नाही. मग गाडी नाक पुढे करून वळणाच्या पलीकडे होती आणि टँकरच्या चांगलीच अलीकडे थांबली.

माझ्या गुडघ्यांना जेवढं पळता येतं तेवढं मी पळाले. पोचले तर दोघं आतच बसलेली. भाचा पांढराफटक.

"घाबरलो," तो म्हणाला.

टँकरवाला खिडकीशी आला होता, तो एक पाऊल मागे सरकला. करार करार असतो. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरली. हात थरथरत नव्हता. तिने बाजू मांडली नाही, हरल्यावर माणसं म्हणतात तसलं काही म्हणाली नाही.

त्याने किल्लीकडे पाहिलं. मग हाताकडे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बारीक हत्यारं घालणारा माणूस, हात वाचणं हा त्याचा धंदा.

"वेगाला घाबरलो," तो म्हणाला. "तुझ्या हातांना नाही. मी पूर्ण वेळ हातच बघत होतो." आणि थांबून, जरा रागानेच, "माझे एवढे स्थिर नसते राहिले."

तिने मूठ मिटली.

मग त्याने अटी घालायला सुरुवात केली, कारण मुलगा शेवटी मुलगाच. ह्या वळणावर पंचावन्न पुन्हा नाही. तिने खिडकीतून बोट करून खांबावरची पाटी दाखवली. तीस. "तीसने जाईन," ती म्हणाली, "पण तू सांगतोस म्हणून नाही, आणि अडुसष्टची झाले म्हणून तर नाहीच. पाटी तिथे सगळ्यांसाठी आहे. वयाप्रमाणे वेगवेगळ्या लावलेल्या नाहीत." आणि किल्ली लावता लावता तिने विचारलं, "तू ह्या आठवड्यात इथून कितीने गेलास?"

तो टँकरच्या चाकांकडे बघत राहिला.

मी मागे बसले. टँकरवाल्याला धन्यवाद देऊन आम्ही वळून परत निघालो, त्यालाही त्याच बाजूला जायचं होतं. ओल्या वळणावरून ती वर चढली ती बरोबर तीसने. एकोणतीस नाही, एकतीस नाही. मागून टँकरवाला हॉर्न वाजवायला लागला. आधी एकदा, मग सारखाच. भाचा चुळबुळला, म्हणाला, आई, त्याला घाई आहे, जरा पुढे घे.

"वाजवू दे," ती म्हणाली, आणि पाटीची हद्द संपेपर्यंत काटा तीसवरच ठेवला.